दुरुस्तीची दुरुस्ती

यंत्रें बिघडण्याचीं कारणें आपल्या ओळखीचीं असतात. शिवणयंत्राचा पट्टा तुटतो, घड्याळाची कमान थकते, पंख्याचें बेअरिंग झिजतें. वापरानें आणि वयानें वस्तु खराब होते, हा नियम कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. घरच्या संगणकाचें मात्र एक दुखणें असें आहे कीं तें या नियमांत बसत नाहीं. आदल्या रात्रीं तो उत्तम चालत होता. कोणी तो पाडला नाहीं, त्यावर पाणी सांडलें नाहीं, त्याचा एकही अवयव झिजला नाहीं. रात्रीं केव्हां तरी त्यानें आपण होऊन दूरच्या कचेरीकडून एक दुरुस्ती मागवून घेतली, ती स्वतःवर चढविली, आणि सकाळीं तो उघडेनासा झाला. म्हणजे बिघाड झाला तो दुरुस्तीमुळेंच!

या रात्रींच्या दुरुस्तीस आपण आतां घरोघरीं 'अपडेट' म्हणतों. ज्या पेटींत मुलांचा अभ्यास, आयकराचीं विवरणपत्रें, वडील माणसांच्या औषधोपचारांचे कागद आणि कुटुंबाच्या दहा-वीस वर्षांचीं छायाचित्रें एकत्र नांदतात, ती पेटी अशी अकस्मात् बंद झाली म्हणजे भल्याभल्यांचा धीर सुटतो. आणि धीर सुटलेला मनुष्य जीं बटणें दाबूं नयेत तींच नेमकीं दाबतो. म्हणून आज उपायांची नुसती यादी देण्याऐवजीं या बिघाडाचा इतिहास सांगण्याचें मीं योजिलें आहे. एकादा उपाय कोणत्या अडचणींतून निघाला हें ठाऊक असलें, म्हणजे तो केव्हां करावा आणि केव्हां करूं नये हेंही आपोआप उमगतें. बोलण्याच्या सोयीसाठीं मी 'विंडोज' या एकाच प्रणालीचें उदाहरण घेणार आहें, कारण आपल्याकडील बहुतेक घरगुती संगणक तिच्यावरच चालतात.

इंग्रजींत अशा दुरुस्तीस 'पॅच' म्हणजे ठिगळ असें म्हणतात, आणि हा शब्द मूळचा अलंकारिक नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १९४४ सालीं 'मार्क वन' नांवाचें सुमारें ५१ फूट लांबीचें एक गणितयंत्र कामास लागलें. त्याला द्यावयाच्या आज्ञा कागदाच्या लांब पट्टीवर छिद्रें पाडून लिहीत असत. छिद्र भलत्या जागीं पडलें, तर त्यावर कागदाचा लहानसा तुकडा चिकटवीत आणि योग्य जागीं नवें छिद्र पाडीत. अशीं ठिगळें लावलेली एक पट्टी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत जपून ठेवलेली आहे. या कागदी ठिगळाचे दोन गुण आपण ध्यानांत ठेवूं. आपण कोणतें छिद्र बुजविलें आणि कां बुजविलें, हें चिकटविणाऱ्यास पक्कें ठाऊक असे. आणि चिकटविण्यांत चूक झालीच तर तें ठिगळ नखानें उचकटून काढतां येई.

ठिगळ लावल्यानें काम संपत नाहीं, हेंही लौकरच अनुभवास आलें. केंब्रिज विद्यापीठांत १९४९ सालीं 'एडसॅक' हें यंत्र चालू करणारे मॉरिस विल्क्स यांनीं आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे कीं, उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपण स्वतःच केलेल्या चुका हुडकण्यांत जाणार, ही जाणीव त्यांना त्याच वर्षीं झाली. पुढें आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड आज्ञावलीचें काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत तर आंकडाच दिला. एक दोष दुरुस्त करूं जातां दुसरा नवा दोष निर्माण होण्याचा संभव, त्यांच्या मतें, शेंकडा २० ते ५० इतका असतो.

असें कां व्हावें? दुरुस्ती करणारे निष्काळजी असतात म्हणून? तसें नव्हे. एकाद्या जुन्या वाड्याची कल्पना करा. मागच्या अंगणांत एक ओबडधोबड भिंत आहे. ती कशाच्याच उपयोगाची दिसत नाहीं, म्हणून गवंडी ती पाडतो. आणि मग कळतें कीं शेजाऱ्याच्या पडवीचें छप्पर गेलीं चाळीस वर्षें तिच्यावर टेकलेलें होतें. छप्पर तेथें टेकावें असें कोणीं ठरविलें नव्हतें; पण तें टेकलें होतें खरें. संगणकाच्या आज्ञावलींतही असेंच घडतें. ज्या गोष्टीवर कोणीं विसंबूं नये, तिच्यावरही कोणी तरी विसंबलेला असतो, आणि ती सुधारली कीं त्याचा आधार जातो.

आतां हें यंत्र घरांत कसें आलें तें पाहूं. आयबीएमचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्यें बाजारांत आला. त्या काळांत दुरुस्ती म्हणजे आज्ञावलीची नवी आवृत्ति. ती चकत्यांवर, ज्यांना आपण फ्लॉपी म्हणत होतों त्यांवर, विकत मिळे. घरधन्यास वाटलें तर तो ती आणी, न वाटलें तर जुन्यावर भागवी. नवी आवृत्ति मानवली नाहीं तर जुन्या चकत्या कपाटांत असतच. ठिगळ दुसऱ्यानें शिवलेलें असलें, तरी लावणें आणि काढणें घरच्याच हातीं होतें.

१९९५ सालीं मोठें स्थित्यंतर झालें. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट रोजीं भारतांत सामान्य लोकांस इंटरनेट खुलें केलें, आणि त्यानंतर नवव्या दिवशीं, २४ ऑगस्टला, 'विंडोज ९५' प्रसिद्ध झालें. एकच प्रणाली आतां नाना कंपन्यांचे छापयंत्र, ध्वनि आणि पडदा यांसाठींचे भाग सांभाळूं लागली. प्रत्येक भागाची स्वतंत्र आज्ञावली, म्हणजे त्याचा 'ड्रायव्हर', प्रणालींत घालावा लागे. एक ड्रायव्हर चुकला कीं सबंध यंत्र अडून बसे. यावर तोड म्हणून विंडोज ९५ मध्यें 'सेफ मोड' नांवाची सोय ठेवलेली होती. यंत्र सुरू होतांना योग्य क्षणीं एफ-८ ही कळ दाबली, कीं तें केवळ अत्यावश्यक तेवढ्याच भागांनिशीं उघडे. आपल्या वैद्यांच्या लंघनासारखाच हा प्रकार आहे. अन्न बंद केल्यावर ताप उतरला, तर दोष अन्नांत होता असें समजावें. त्याप्रमाणें यंत्र सेफ मोडमध्यें उघडलें, तर मूळ शरीर धड असून मागाहून घातलेल्या एकाद्या वस्तूंत दोष आहे, असें अनुमान निघतें. सेफ मोड हा रोगाचा उपाय नव्हे. ती रोगाची परीक्षा आहे. हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

१९९८ च्या आवृत्तींत दुरुस्त्या इंटरनेटवरून उतरवून घेण्याची व्यवस्था आली, आणि सप्टेंबर २००० मध्यें आलेल्या 'विंडोज मी' या आवृत्तींत 'सिस्टिम रिस्टोअर' ही सोय आली. तिचें तत्त्व साधें आहे. मोठा फेरफार होण्यापूर्वीं यंत्र आपल्या अंतर्गत आज्ञावलींची स्थिति टिपून ठेवतें; पुढें कांहीं बिनसलें तर त्या टिपणाच्या आधारें तें पूर्वस्थितीस जातें. कागदी ठिगळ उचकटण्याचा जो अधिकार हातून निसटत चालला होता, तो येथें निराळ्या रूपानें परत मिळाला. मात्र या सोयीची एक मर्यादा आहे. ती प्रणालीस मागें नेते, आपल्या पत्रांना आणि छायाचित्रांना हात लावीत नाहीं. त्यामुळें काल लिहिलेला मजकूर ती पुसत नाहीं हें खरें. पण नाहींसा झालेला मजकूर ती आणूनही देत नाहीं. शिवाय अलीकडच्या अनेक संगणकांवर ही सोय मुळांत बंदच असते. आपली चालू आहे कीं नाहीं हें यंत्र निरोगी असतांनाच पाहून ठेवावें लागतें.

येथपर्यंत दुरुस्ती घ्यावी कीं न घ्यावी हा प्रश्न घराचा होता. तो घराच्या हातून कसा गेला, याचें उत्तर २००३ च्या पावसाळ्यांत सांपडतें. त्या वर्षीं ११ ऑगस्टला 'ब्लास्टर' नांवाचा एक कृमि जगभर पसरूं लागला. त्यासाठीं कोणतें पत्र उघडावें लागत नसे, कीं कोणतें बटण दाबावें लागत नसे. संगणक इंटरनेटला जोडलेला असणें एवढेंच पुरे होई. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि यंत्र बंद पडून पुन्हां सुरू होई. पुन्हां मोजणी, पुन्हां बंद. उपाय इंटरनेटवर होता, पण तो उतरवून घेण्यास साठ सेकंद पुरत नसत! यांतील खेदाची गोष्ट अशी कीं, ज्या खिंडारांतून हा कृमि शिरला तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १६ जुलै रोजींच दिली होती. मध्यें २६ दिवस गेले, आणि असंख्य घरांनीं ती घेतली नव्हती.

घेतली नव्हती, यास सर्वस्वीं आळसच कारण होता असेंही नाहीं. त्या काळांत आपल्याकडे बहुतेक घरें टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडलीं जात. २००४ च्या ऑगस्टमध्यें 'विंडोज एक्सपी'ची जी दुसरी मोठी दुरुस्ती निघाली, तिची संपूर्ण प्रत सुमारें २६६ मेगाबाइटची होती. ५६ किलोबिटची जोडणी अखंड आणि पूर्ण वेगानें चालली, तरी ती उतरविण्यास दहा तासांहून अधिक लागावेत. संगणकविषयक मासिकांबरोबर येणाऱ्या तबकडीवरून ती चढविणें हाच तेव्हां अनेकांचा मार्ग होता.

ब्लास्टरनंतर दुरुस्त्यांस शिस्त आली. ऑक्टोबर २००३ पासून त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं देण्याचा प्रघात पडला. अमेरिकेंत त्या वेळीं सकाळ असते आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. म्हणूनच आपले संगणक बहुधा बुधवारीं सकाळीं रुसलेले आढळतात. पुढें २००४ च्या त्या मोठ्या दुरुस्तीनें 'दुरुस्त्या आपोआप येऊं द्या' असा आग्रह धरला, आणि जुलै २०१५ मध्यें आलेल्या 'विंडोज १०' च्या घरगुती आवृत्तींत तर कायमचा नकार देण्याची सोयच उरली नाहीं. थोडे दिवस पुढें ढकलतां येतें, एवढेंच.

हें जुलमाचें वाटतें. पण त्यामागें कांहीं न्याय आहे. वाड्याच्या सामाईक विहिरींत एका बिऱ्हाडानें घाण केली, तर पाणी साऱ्यांचेंच नासतें. ज्या संगणकास कृमि लागतो, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसही तो देतो. तेव्हां 'माझें यंत्र, माझी मर्जी' हें म्हणणें येथें पुरतें टिकत नाहीं. परंतु ज्याच्याकडून नकाराचा हक्क काढून घ्यावयाचा, त्याच्या नुकसानीची जोखीमही कोणीं तरी पत्करावयास नको कां? २००३ नंतरच्या सर्व फजित्यांच्या मुळाशीं हा प्रश्न आहे. त्यांतील कांहीं ठळक फजित्या आतां पाहूं. प्रत्येकीचा धडा निराळा आहे.

९ फेब्रुवारी २०१० रोजीं दिलेल्या एका दुरुस्तीनंतर विंडोज एक्सपीचे अनेक संगणक निळा पडदा दाखवून अडून बसले. सर्वांनीं दोष दुरुस्तीस दिला. चौकशीअंतीं निघालें तें भलतेंच. त्या संगणकांत 'अल्युरिऑन' नांवाचा एक छुपा चोर पूर्वींपासून दबा धरून होता. प्रणालीच्या गाभ्यांतील कांहीं जागा ठराविक ठिकाणींच असणार असें तो गृहीत धरून चाले. दुरुस्तीनें त्या जागा हलल्या. चोराचें पाऊल पोकळींत पडलें आणि त्याबरोबर घरही कोसळलें. मूळ तबकडीवरून यंत्र सुरू करून ती दुरुस्ती काढून टाकली, कीं संगणक पुन्हां चालूं लागे. पण चोर आंत तसाच राही! आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार झाला. बिघाड ज्याच्या पाठोपाठ आला तेंच त्याचें कारण, असें धरून चालूं नये, हा यांतील धडा.

त्याच वर्षीं २१ एप्रिलला उलट प्रकार घडला. मॅकॅफी कंपनीच्या विषाणुरोधक आज्ञावलीस त्या दिवशीं जें नवें वर्णनपत्र मिळालें, त्यांत विंडोज एक्सपीची एक अत्यावश्यक फाइलच विषाणु म्हणून ओळखली गेली. पहारेकऱ्यानें मालकालाच चोर समजून बांधून टाकावें, तसें झालें. यंत्रें पुनःपुन्हां बंद पडूं लागलीं आणि त्यांची इंटरनेटची जोडणीही तुटली. त्यामुळें जी चूक वाऱ्यावरून आली, तिचा उतारा मात्र हातांत घेऊन यंत्रापर्यंत चालत जावें लागलें. तात्पर्य, प्रणालीच्या दुरुस्तीखेरीज इतर आज्ञावलीही रात्रीं आपापल्या दुरुस्त्या करीत असतात. चौकशी करतांना त्यांना वगळूं नये.

जानेवारी २०१८ मध्यें संगणकाच्या मुख्य चिपेंतीलच दोन मोठे दोष जाहीर झाले, आणि ते झांकण्यासाठीं घाईनें दुरुस्ती देण्यांत आली. ती बहुतेकांस मानवली; पण एएमडी कंपनीच्या कांहीं जुन्या चिपा असलेले संगणक उघडेनातच. त्या चिपांसंबंधींची माहिती आणि त्यांचें प्रत्यक्ष वर्तन यांत तफावत होती, असें मायक्रोसॉफ्टनें सांगितलें, आणि त्या संगणकांपुरती दुरुस्ती थांबविली. एकच औषध निरनिराळ्या प्रकृतींस निरनिराळें लागतें; शेजाऱ्याचा संगणक ठीक चालला म्हणून आपलाही चालेल, असें म्हणतां येत नाहीं.

याच वर्षाच्या ऑक्टोबरांत जें घडलें, तें मात्र या साऱ्यांहून गंभीर होतें. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं विंडोज १० ची एक मोठी सुधारित आवृत्ति देण्यास प्रारंभ झाला, आणि ती चढविल्यावर कांहीं लोकांची कागदपत्रें व छायाचित्रें नाहींशीं झालीं. यंत्र नीट उघडत होतें, कोठें निळा पडदा नव्हता. फक्त कपाट रिकामें होतें. पहिल्या डिस्कवर जागा कमी म्हणून ज्यांनीं आपला कागदपत्रांचा कप्पा दुसऱ्या डिस्कवर हलविला होता, त्यांच्यापैकीं कांहींच्या जुन्या कप्प्यांतही थोडे कागद राहिले होते. नव्या आवृत्तीनें तो जुना कप्पा निरुपयोगी दुसरी प्रत समजून, आंत कांहीं आहे कीं नाहीं हें न पाहतां, काढून टाकला. कांहीं परीक्षकांनीं अशी तक्रार आधींच केलेली होती. पण आलेल्या असंख्य तक्रारींत ती दबून गेली. चार-पांच दिवसांत वितरण थांबविण्यांत आलें आणि दोष काढून ती आवृत्ति १३ नोव्हेंबरला पुन्हां देण्यांत आली. कागद हरवल्याची तक्रार करणारांचें प्रमाण मायक्रोसॉफ्टनें दहा हजारांत एक असें सांगितलें. हा आंकडा कचेरींतल्या टेबलावर लहान दिसतो. ज्या घरांतील लग्नाचीं आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचीं छायाचित्रें गेलीं, त्या घरापुरतें तें प्रमाण एकांत एक असतें.

यंत्राचा बिघाड आणि वस्तूची हानि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें या प्रसंगानें उघड केलें. यंत्र कितीही बिघडलें तरी प्रणाली पुन्हां विकत मिळते. आपलीं पत्रें बाजारांत मिळत नाहींत. सेफ मोड, रिस्टोअर आणि दुरुस्ती काढून टाकणें, हे तिन्ही उपाय येथें लंगडे पडतात.

आतां अलीकडचे दोन प्रसंग. १९ जुलै २०२४ रोजीं, आपल्या सकाळच्या ९ वाजून ३९ मिनिटांनीं, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीनें एक सदोष फाइल पाठविली. ७८ मिनिटांनीं ती मागें घेतली. तेवढ्यांत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें ८५ लाख संगणक आडवे झाले. हे संगणक मुख्यतः कचेऱ्यांचे होते, घरांचे नव्हते. पण भारतांतील विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें घेऊन विमानांत चढावें लागलें, तें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. उपाय कोणता निघाला? यंत्र सेफ मोडमध्यें उघडावें आणि ती एक फाइल पुसून टाकावी. म्हणजे १९९५ चें लंघनच कामीं आलें. पण येथें अनेकांपुढें दुसरेंच कुलूप उभें राहिलें. डिस्कवरील मजकूर गूढलिपींत ठेवण्याची 'बिटलॉकर' नांवाची सोय जेथें चालू होती, तेथें आंत शिरण्यास ४८ आंकड्यांची किल्ली लागली. अलीकडच्या अनेक घरगुती संगणकांवरही असें कुलूप मालकास नकळत लागलेलें असतें. त्याची किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत ठेवलेली असते. ती आधींच पाहून वहींत उतरून ठेवावी. घराला आग लागल्यावर किल्ली शोधणें व्यर्थ आहे.

दुसरा प्रसंग १४ ऑक्टोबर २०२५ चा. त्याच दिवशीं विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. आणि त्याच दिवशीं विंडोज ११ साठीं निघालेल्या दुरुस्तीनें संगणकाच्या दुरुस्तिकक्षांत, म्हणजे यंत्र न उघडल्यास ज्या पडद्यावरून सारे उपाय करावयाचे तेथें, यूएसबीचा कळफलक व माउस चालेनासे केले. पडद्यावर उपायांची यादी दिसे, पण त्यांतील एकही निवडतां येत नसे. ज्यांच्याकडे गोल खोबणीचा जुना कळफलक होता आणि संगणकास ती खोबण होती, त्यांचें मात्र काम चाले. २० ऑक्टोबरला या दुरुस्तीची दुरुस्ती आली. संकटकाळच्या दाराचीही कडी रात्रींत बदलली जाऊं शकते, हें त्या सहा दिवसांनीं दाखविलें.

एवढ्या इतिहासांतून घरच्या माणसानें काय उचलावें? पहिली गोष्ट म्हणजे घाई करूं नये. पडद्यावरील टक्के एका जागीं खिळलेले दिसले म्हणून वीज तोडली, तर दुरुस्ती अर्धवट राहून साधें दुखणें अवघड होतें. तास-दोन तास वाट पाहण्यांत कांहीं बुडत नाहीं. पडद्यावर जो संदेश किंवा आंकडा येईल तो कागदावर उतरून घ्यावा, आणि गेल्या दोन-तीन दिवसांत यंत्रांत काय काय बदललें तेंही लिहावें. मग छापयंत्र, पेनड्राइव्ह इत्यादि बाहेरच्या वस्तु काढून यंत्र पुन्हां सुरू करून पाहावें. तरीही तें उघडलें नाहीं, तर ओळीनें कांहीं वेळां अपयश आल्यावर आजचें विंडोज आपण होऊनच दुरुस्तिकक्ष पुढें करतें. तेथून प्रथम सेफ मोडनें परीक्षा करावी. नंतर शेवटची दुरुस्ती काढून पाहावी. तेंही न साधल्यास पूर्वस्थितीच्या टिपणावर जावें. सबंध आवृत्तिच बदललेली असेल तर सामान्यतः दहा दिवसांच्या आंत मागें फिरतां येतें. तेवढी मुदत चुकवूं नये. एका वेळीं एकच फेरफार करावा, म्हणजे गुण कशानें आला हें कळतें. आणि सर्व साफ करून प्रणाली नव्यानें घालण्याचा उपाय अगदीं शेवटीं, तोही आपले कागद दुसरीकडे काढून घेतल्यावरच करावा. कागदच नाहींसे झाले असतील, तर त्या यंत्रावर नवें कांहींही लिहूं नये. मोकळ्या झालेल्या जागेवर नवा मजकूर पडला कीं जुना परत मिळण्याची आशा मावळते.

यंत्र पुन्हां चालूं लागल्यावर एक मोह होतो. 'यापुढें दुरुस्तीच नको' असा. दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, हें समजण्यासारखें आहे. परंतु २००३ सालचे ते २६ दिवस विसरून चालणार नाहीं. ज्यांनीं दुरुस्ती नाकारली त्यांचें घर चोरानें फोडलें, आणि ज्यांनीं डोळे मिटून स्वीकारली त्यांतील कांहींचें कपाट २०१८ सालीं दुरुस्तीनेंच रिकामें केलें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मोठी दुरुस्ती आठवडाभर पुढें ढकलून इतरांचा अनुभव पाहावा आणि मग ती घ्यावी, हा मधला मार्ग बहुतेक घरांना पुरेसा आहे. कायमचा नकार किंवा अंध विश्वास, दोन्ही पुरेसे नाहींत.

मला वाटतें, या साऱ्या इतिहासाची कसोटी एकच आहे. दुरुस्ती चांगली कीं वाईट हें तिच्या हेतूवरून ठरत नाहीं, ती मागें घेतां येते कीं नाहीं यावरून ठरतें. १९४४ सालचें कागदी ठिगळ या कसोटीस उतरत होतें. आजचें ठिगळ कोणी तरी दूरवर शिवतो. तें कोठें लागलें हें आपण पाहूं शकत नाहीं, आणि तें उचकटण्याची हमी कोणीही पुरती देऊं शकत नाहीं. मागें फिरण्याचा जो एकच मार्ग अजून सर्वस्वीं घराच्या हातीं आहे, तो म्हणजे आपल्या कागदांची व छायाचित्रांची दुसरी प्रत, संगणकाबाहेरच्या डिस्कवर ठेवलेली, आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून कपाटांत बंद केलेली. संगणकास जोडलेलीच ठेवलेली प्रत ही संगणकाचाच भाग होते; त्याच्याबरोबर तीही जाऊं शकते. या कामास एक संध्याकाळ पुरते. पुढचा दुसरा मंगळवार उजाडण्यापूर्वीं तेवढें आपण उरकून ठेवावें.